शून्यापुढे दोन रेघा

प्रिय धाकटे,

तुझं पार्सल पोचलं. पोचून तीन आठवडे झाले आणि मी पोच कळवली नाही, हे आपल्यात पहिल्यांदाच घडतंय. तू दोनदा फोन केलास, दोन्ही वेळेला भिंगरीनं सांगितलं की आजी आंघोळीला गेलीय. दुसऱ्यांदा दुपारचे चार वाजले होते, तेव्हा तुला शंका आलीच असणार. मी फोनच्या शेजारीच बसले होते आणि हातानं नाही नाही करत होते. पोरगी माझ्याकडे अशी बघत होती जशी काही मीच शाळा बुडवून घरी बसलेय. असो. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करते, आपलं आजवर असंच चालत आलंय. म्हणून म्हटलं, या खेपेला लिहावं. चौथीपर्यंतचं शिक्षण आणि कोंबडीच्या पायासारखं अक्षर, पण तुला लागेल. नाहीच लागलं तर जावईबापूंकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागू दे, पण तूच वाच.

आधी भिंगरीचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही इतकी मी खूश आहे. एकोणीस वर्षांची झाली, तरी घरात तिला कोणी भिंगरीशिवाय दुसरी हाक मारत नाही, आणि आता दिवसभर लेथवर लोखंड गरगर फिरवते म्हणजे नाव सार्थच केलं पोरीनं. ते कम्युनिटी कॉलेज बस डेपोच्या मागे आहे. लांबलचक बैठी इमारत, पूर्वी तिथं कसलंसं गोदाम होतं. तिथं वयाची अट नाही, मार्कांची फारशी अट नाही. तिच्या वर्गात एक निवृत्त बसड्रायव्हर आहे, फुलांचं दुकान बंद करून आलेली पन्नाशीची एक बाई आहे, आणि एकमेकांशी न बोलणारे दोन सख्खे भाऊ आहेत. अचूक मापाचं धातुकाम असं त्या शिक्षणाचं नाव आहे. तिच्या बापाला पोरीनं ऑफिसात बसावंसं वाटत होतं. मला म्हणाला, आई, मुलीच्या जातीनं लोखंड कापायचं का? मी म्हटलं, मग काय लोकांचे खिसे कापायचे? माझ्यापुढे तो अजून गप्प बसतो, तेवढं एक बरं आहे.

पहिल्या दिवशी ती घरी आली ती दारातच थांबली, बूट घाण होते म्हणून. तिच्या कपड्यांना तो वास होता. तुला आठवतो ना, लेथवर ते दुधट पाणी सोडतात, कापताना लोखंड तापू नये म्हणून, त्याचा वास? आंबूस, थोडा साबणासारखा. मी हातातली भाजी तशीच टाकून तिला जवळ घेतलं, आणि ती ओरडायला लागली, अगं आजी, मी मळलेय. मळलेलीच हवी होतीस म्हटलं. केस घट्ट बांधायचे, बाह्या कोपराच्या वर, हातात काही घालायचं नाही, हे तिला शिकवायला लागलंच नाही. तिनं पहिल्या दिवशीच सांगितलं म्हणे की हे सगळं आमच्या आजीला माहीत आहे. कॉलेजात माझं नाव माझ्याआधी पोचलं.

त्यांचे एक सर आहेत, त्यांना पोरं पाठीमागे पावकेस म्हणतात. डोक्यावर औषधाला केस नाही आणि दिवसभर केसाच्याच गोष्टी. इथं अर्धा केस जास्त झाला, तिथं पाव केस कमी पडला. पण माणूस चोख आहे. दुसऱ्याच आठवड्यात भिंगरीच्या हातून केसाएवढी जाडी मोजायचा तो मायक्रोमीटर पडला. सिमेंटच्या जमिनीवर, टण्णदिशी. पोरीनं तो उचलला, रडवेली झाली, पण हात वर केला आणि म्हणाली, सर, माझ्या हातून पडला. सरांनी तो घेतला, त्याचं तोंड मिटून आकडा शून्यावर येतो का बघितलं, त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला टांगला आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, शाबास. मग वर्गाला म्हणाले, हत्यार हातातून पडणारच, माणसाचा हात आहे. पण पडलेलं गुपचूप जागेवर ठेवलं तर पुढचा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवून काम करतो, आणि त्याला कळतसुद्धा नाही. हे ती मला सांगत होती तेव्हा मी मटार सोलत होते. किती छान सर आहेत म्हटलं. तेव्हा मला त्यात एवढंच दिसलं होतं. तुझं पार्सल त्यानंतर दहा दिवसांनी आलं.

मी विषय सोडून कुठेही जाते असं तू नेहमी म्हणतेस, तर आता जरा मागे जाते. आपण दोघी हत्यारांच्या त्या दुकानात गेलो होतो तो दिवस आठवतो का? कारखान्यात नियम होता, तपासणीवालीनं आपला मायक्रोमीटर आपणच आणायचा. मी तपासणीच्या टेबलावर जुनी झाले होते, तुला आत लावून घेण्यासाठी मीच सुपरवायझरच्या मागे भुणभुण केली होती. तू तीन महिन्यांच्या परीक्षेवर होतीस. माझा जुना झिजलेला, म्हणून म्हटलं दोघी मिळून नवे घेऊ. दुकानदारानं दोन निळ्या डब्या काउंटरवर ठेवल्या. प्रत्येक डबीत एक जाड कार्ड, त्यावर मायक्रोमीटरचा नंबर, तोच नंबर मायक्रोमीटरच्या कमानीवर कोरलेला. माझा सेहेचाळीसवर संपणारा, तुझा सत्तेचाळीसवर. दुकानदार म्हणाला, बाई, एका आईच्या पोटच्या आहेत या, पाठोपाठच्या. तू म्हणालीस, आम्हीही तशाच. बसमध्ये डब्या मांडीवर घेऊन बसलो, लहान बाळं घेऊन बसावं तशा.

तर पार्सल. भिंगरीनं ते उघडलं आणि घरभर नाचली. तुझी चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली, की मावशीआजीनं ज्याच्यावर सव्वीस वर्षं काम केलं तो मायक्रोमीटर नातीला आशीर्वाद म्हणून. किती जपून गुंडाळला होतास, फडकं, त्यावर कागद, त्यावर पुन्हा फडकं. तिनं विचारलं, आजी, तुझाही होता ना गं? मी म्हटलं, आहे, कपाटावर, पेटीच्या मागे, राहू दे. पण ती कसली ऐकते. स्टूल घेऊन चढली, धूळ झटकत खाली आणला. मी ती डबी चाळीस वर्षांत उघडली नव्हती. मला बघवत नव्हती, तुला तर माहीतच आहे. तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

दोन्ही डब्या तिनं खिडकीपाशी टेबलावर शेजारीशेजारी मांडल्या. आता ती शिकलेली आहे ना, लगेच हात लावत नाही. आधी कार्डं वाचली, मग कमानीवरचे नंबर वाचले. आणि खुदकन हसली. म्हणाली, आजी, तुम्ही दोघींनी कधीतरी अदलाबदल केलीय. तुझ्या डबीत सत्तेचाळीस आहे आणि मावशीआजीच्या डबीत सेहेचाळीस. मी हसले. म्हटलं, झाली असेल बाई, एकसारखीच होती दोन्ही. मग तिनं माझ्या डबीतला घेतला, कागदाची पट्टी दोन तोंडांमधून ओढून पुसली, टोकाची रॅचेटची कळ फिरवली, टिक टिक टिक. शून्यावर थांबायला हवं होतं. ते शून्य ओलांडून दोन रेघा पुढे गेलं. पुन्हा पुसलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा दोन रेघा पुढे. तुझ्याकडून आलेला बंद केला तर शून्यावर शून्य, जसं काही काल दुकानातून आणलाय.

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. दोन रेघा म्हणजे किती गं? एका केसाचे चार भाग केले तर त्यातला एक. कारखान्यात त्या दिवशी दुपारी माझ्या हातून पास झालेल्या पंपाच्या पिना तेवढ्याच जाड निघाल्या होत्या. एकूण एक.

मला वाटलं, म्हातारपणी माझंच डोकं फिरलं असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी भिंगरीबरोबर कॉलेजात गेले, दोन्ही डब्या पिशवीत घालून. पावकेस सरांनी मला खुर्ची दिली. माझा, म्हणजे माझ्या डबीतला, उजेडात धरला, कमानीवरून बोट फिरवलं आणि खालच्या कडेचा बारीक दबलेला ठिपका दाखवला. म्हणाले, आजी, हा कधीतरी आपटलाय, कमान फाकलीय. मी म्हटलं, माझ्या हातून कधी पडला नाही. ते म्हणाले, तसं असेल, पण पडलाय. मग त्यांनी दुसरा माझ्या हातात दिला आणि एक पिन दिली, बघा म्हणाले अजून जमतंय का. धाकटे, जमलं. आधी पुसला, आधी शून्य बघितलं, मग पिन धरली, अंगठ्याला कळलं कुठे थांबायचं ते. सरांनी सगळा वर्ग गोळा केला, ते न बोलणारे दोघे भाऊसुद्धा आले, आणि म्हणाले, बघा, माप घ्यायच्या आधी शून्य बघणारी माणसं अशी असतात. भिंगरीचा चेहरा असा झाला होता की मी जन्मभर विसरणार नाही. टाळ्या वाजवल्या त्यांनी. आणि मला आनंदानं रडू येत असताना एकाएकी माझ्या अंगठ्याला लागलं की रॅचेटच्या मागची दांडी एका बाजूनं गुळगुळीत झालीय. तिथली खडबडीत नक्षी गेलीय. ती तुझ्या अंगठ्यानं घासली आहे. माझ्या मायक्रोमीटरवर सव्वीस वर्षं तुझा अंगठा.

आता त्या दिवसाबद्दल. मी रोज सकाळी शून्य बघायचे आणि जेवणानंतर परत बघायचे. सगळ्या हसायच्या मला, तूसुद्धा. त्या दिवशी सकाळी बघितलं होतं, बरोबर होतं. जेवणाच्या सुट्टीत तू मला हात धुवायच्या जागी बोलावलंस आणि रडायला लागलीस. शनिवारी तुझे तीन महिने संपणार होते, घरी नवऱ्याचं काम सुटलेलं होतं, तुला कायम करतील की नाही कळत नव्हतं. मी तुझे डोळे पुसले. माझा डबा तसाच राहिला. घंटा झाली तेव्हा तू म्हणालीस, ताई, तू तोंडावर पाणी मार, मी तुझं टेबल मांडून ठेवते. मी आले तेव्हा सगळं मांडलेलं होतं. पिनांची पेटी डावीकडे, पास झालेल्यांची उजवीकडे, मायक्रोमीटर मधे. एक गोष्ट डोळ्याला खटकली होती. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. मी नेहमी कागद जाईल एवढी फट ठेवायचे, उन्हाळ्यात धातू फुगतो म्हणून. तू विसरली असशील म्हटलं, आणि घंटा होऊन गेली होती, म्हणून शून्य न बघता कामाला लागले.

दुपारनंतर लेथवरच्या टूलची धार गेली. धार गेली की माप हळूहळू वाढत जातं, आणि तेव्हाच तपासणीवालीनं आरडाओरडा करून मशीन थांबवायचं असतं. मी ओरडले नाही, कारण माझ्या हातातला आकडा बरोबर दाखवत होता. त्याच संध्याकाळी त्या पिना ज्या पंपांत बसवल्या ते पंप अडकले. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर आपल्या मायक्रोमीटरनं एकेक पिन मोजून माझ्या टेबलावर टाकली. प्रत्येक पिनेचा आवाज मला अजून ऐकू येतो. तू माझ्या मागे उभी होतीस. माझ्या खांद्यावर तुझा हात होता. मी डबी बंद केली, पिशवीत टाकली, ती पुन्हा उघडली नाही आणि त्या टेबलावर पुन्हा बसले नाही.

नंतर तू काय म्हणालीस आठवतं? ताई, तुझे डोळे गेलेत गं, चष्मा लावून घे. स्वतः हात धरून मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलीस. तो माणूस बिचारा सांगत होता की बाई, तुमची नजर चांगली आहे, शेवटची ओळ वाचलीत तुम्ही. तू त्याच्याशी भांडलीस. शेवटी त्यानं कसल्यातरी बारीक नंबराचा करून दिला आणि मी तो घातला. डोकं दुखायचं, जिन्यावर पाय चुकायचा, पण घातला. कपड्यांना इस्त्री करायच्या दुकानात उभी राहून मी तो चष्मा घालून वर्षानुवर्षं इस्त्री केली. आता वयानं खरोखरच लागतो, म्हणजे तू जरा लवकर आणलास एवढंच.

तुझे भावोजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. तेही त्याच कारखान्यात कामाला, तिथंच त्यांच्या बायकोचं हसं झालं, पण बोलले नाहीत. फक्त भाजीत मीठ जास्त झालं की म्हणायचे, राहू दे, तुझं माप आम्हाला माहीत आहे. सगळे हसायचे. मीही हसायचे. तूही हसायचीस, आमच्याच टेबलावर बसून. तेच समजून ते गेले. बाकी कशाचं नाही, पण याचं मला फार वाटतं. त्यांना सांगायला आता कुठे जाऊ?

आणि तुला ते टेबल मिळालं. माझं. मी म्हटलं होतं, घरातच राहिलं, बरं झालं. तुझ्या निरोपाच्या दिवशी त्यांनी तुला भिंतीवरचं घड्याळ दिलं, एकही चूक नाही म्हणून, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या मी वाजवल्या होत्या. तुझ्या शेजारची बाई मला विचारत होती, तुम्ही कोण? मी म्हटलं, मीच तिला शिकवलं.

आता माझंही सांगते, नाहीतर हे पत्र लबाडीचं होईल. शून्य न बघता माप घेतलं ते मी. तोंड मिटलेलं बघूनही पुढे गेले ते मी. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. सगळ्यांना वाटलं मला आकडे दिसले नाहीत, मीही तसंच वाटू दिलं, कारण डोळे गेले म्हणणं आळस केला म्हणण्यापेक्षा सोपं होतं. तेव्हा माझ्या वाटणीची चूक माझ्याजवळ आहे. कदाचित तुला वाटलं असेल, ताई जेवणानंतर शून्य बघतेच, तिला कळेल, ती निभावून नेईल. मी नेलंही असतं. तू नुसतं हात वर करून म्हणाली असतीस की ताई, पडला गं माझ्या हातून, तर मी तो माझ्या हातून पडला म्हणून सुपरवायझरकडे नेला असता. मी जुनी होते, मला चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते, बस. तुला हे माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीला जमलं ते, परक्या लोकांसमोर.

तीन आठवडे मी एकाच गोष्टीवर अडले आहे. तू हा पाठवलास तो विसरून, की आठवून? चाळीस वर्षं झाली, नंबर कोण बघतो म्हणून पाठवलास, की पोरगी शिकतेय, ती नंबर बघणारच, हे जाणून पाठवलास? फडक्यात एवढा जपून गुंडाळलेला बघून कधी हे वाटतं, कधी ते. भिंगरीला मी काही सांगितलेलं नाही. तिच्या लेखी दोन म्हाताऱ्यांनी डब्या बदलल्या. महिनाअखेरच्या शनिवारी तिच्या वर्गाच्या कामाचं प्रदर्शन आहे. तिनं एक छोटा पंप केलाय, पिनांसकट सगळा स्वतःच्या हातानं. प्रत्येकाला घरची दोन माणसं आणता येतात, बापाला तिनं आधीच बाहेर उभं राहायला सांगितलंय आणि दोन खुर्च्यांवर चिठ्ठ्या लावल्यात, आजी आणि मावशीआजी. मावशीआजीला आमंत्रण तू लिही म्हणून तिनं मला हा कागद दिला, तेच हे पत्र. सेहेचाळीस नंबर आता तिच्याकडे राहील, तो माझ्याकडून. तुझा सत्तेचाळीस या पत्राबरोबर पाठवतेय. तो खिडकीशी घेऊन बस, तोंड बंद कर आणि शून्य कुठे येतं ते तुझ्या डोळ्यांनी बघ. मग जे असेल ते शनिवारच्या आधी मला फोनवर सांग. फोन मी स्वतः उचलेन. काहीच सांगायचं नसेल तर येऊ नकोस, तुझी खुर्ची रिकामी राहिली तर पोरीला काय सांगायचं ते मी बघेन, तेवढं निभावून न्यायची सवय मला आहे. डबीत ठेवताना त्याचं तोंड मी मिटलेलं नाही. कागद जाईल एवढी फट ठेवली आहे.

तुझीच, डोळे शाबूत असलेली,
ताई